मिर्नाच्या कडेवर

मिर्ना सिटुक ही माझी मावसबहीण. माहाउआलच्या बंदराला सहलीच्या मोठ्या बोटी लागू लागल्या तेव्हापासून ती पाहुण्यांना जंगलातली जुनी माया देवळं दाखवते आणि मी त्यांची बस चालवतो. म्हणजे इतकी वर्षं तिची बडबड माझ्या पाठीमागून अखंड चालू आहे. घरी बायकोच्या, नेल्मीच्या, बडबडीची मला सवय झाली, मिर्नाच्या बडबडीची काही झाली नाही. लोक म्हणतात तिच्या नाकावर राग असतो. नाकावर असता तर कधीतरी उतरला असता. मिर्नाचा राग हाडीमासी खिळलेला आहे.

पण अगदीच विनाकारण आहे असंही मी म्हणणार नाही. बोटीवरची माणसं सकाळी भरपेट नाश्ता करून उतरतात आणि अक्कल बहुधा केबिनमध्ये ठेवून येतात. एकाने विचारलं, ही माकडं बोट आली की सोडता का. एका बाईंनी विचारलं, देवळाच्या पायऱ्यांना कठडा का नाही. मिर्ना म्हणाली, "तुम्ही येणार असं बांधणाऱ्यांना कोणी कळवलं नव्हतं." आणि दर खेपेला कोणीतरी विचारतंच, माया लोक गेले कुठे? मग मिर्ना माईकवर सांगते, "एक बस चालवतोय, एक तुमच्याशी बोलतेय." मी हात वर करतो. सगळे हसतात, टाळ्या वाजवतात. पाच मिनिटांनी मागच्या बाकावरून आवाज येतो, "हो, पण खरंच, गेले कुठे?"

मिर्नाने लग्न केलं नाही. मूलबाळ नाही. त्याबद्दल तिने कधी तोंडातून अक्षर काढलं नाही, आणि बाकी सगळ्या जगाबद्दल अक्षरं काढणारी बाई एकाच गोष्टीबद्दल गप्प बसते तेव्हा ते लक्षात येतं. मला तरी यायचं, विशेषतः हेट्समेकच्या दिवशी.

आमच्याकडे बाळाला आधी हातात आडवंच धरतात. कडेवर कोणी घ्यायचं नाही, आईनेसुद्धा नाही. मुलगी तीन महिन्यांची झाली की, चुलीला तीन दगड म्हणून तीन, तिचं हेट्समेक करायचं. एका टेबलावर उकडलेलं अंडं, भोपळ्याच्या बिया, भाजलेल्या मक्याचं पीठ, सुईदोरा, पेन्सिल असं मांडतात. धर्माची आई बाळाला आयुष्यात पहिल्यांदा कडेवर घेते, टेबलाभोवती फेऱ्या घालते आणि एकेक वस्तू तिच्या मुठीत देते. खरं तर याला दोघं लागतात. एकाने एका दिशेने फेऱ्या घालायच्या आणि दुसऱ्याने उलट दिशेने फिरून त्या सोडवून आणायच्या. तेव्हा कुठे पोरीचे पाय मोकळे होतात, डोकं उघडतं.

यात मेख अशी की जी कडेवर घेते तिचा स्वभाव बाळात उतरतो. म्हणून माणूस पारखून बोलावतात. कामसू, हसतमुख, गोड बोलणारी. गावात एवढी पोरं जन्मली, वाढली, त्यांना पोरं झाली, पण एकही मिर्नाच्या कडेवर चढलं नाही. ती प्रत्येक हेट्समेकला यायची, टर्कीचा काळा रस्सा जेवायची, त्यात मीठ कमी आहे म्हणून सांगायची आणि फेऱ्या सुरू व्हायच्या आत उठून जायची. "मला कामं आहेत," म्हणायची. रविवारीही.

मग माझ्या मुलाला मुलगी झाली, सुएमी. मुलगा प्लायाला हॉटेलात कामाला असतो, महिन्यातून एकदा येतो. सून रुबी आमच्याजवळ राहते आणि देवळांच्या फाटकाशी माळा, टोप्या, मातीच्या शिट्ट्या विकते. रुबी म्हणजे गरीब गाय. बाजारात कोणी कुजके टोमॅटो पिशवीत घातले तरी देव तुमचं भलं करो म्हणून घरी येणारी. ती एका संध्याकाळी चुलीपाशी म्हणाली, "सुएमीला मिर्नाआत्याच्या कडेवर द्यायचं."

नेल्मीच्या तव्यावरची तॉर्तिया करपली. "कोणाच्या? अगं, पोर भांडकुदळ निघेल."

"निघू दे," रुबी म्हणाली, अगदी हळू. "मला कोणाला उलटून बोलता येत नाही. तिला तरी येऊ दे."

"आणि दुसरं माणूस कुठून आणणार? तिला नवरा नाही."

"दोन्हीकडच्या फेऱ्या आत्याच घालेल."

नेल्मीने माझ्याकडे पाहिलं. मी जेवत होतो, आणि जेवतच राहिलो. असल्या वेळी दुसरं काही करू नये.

विचारायला रुबीबरोबर मी गेलो. मिर्ना परसात कामाचा पांढरा शर्ट धूत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" मग तीच कॉलर पुन्हा घासली. पुन्हा घासली. "कधी आहे?" तिने विचारलं, आमच्याकडे न बघता.

पुढचा सगळा आठवडा ती बंदरावर कोणाशी भांडली नाही. कोणी गंभीर तोंड करून मला विचारायचे, बहिणीची तब्येत बरी आहे ना? तिने नवा हुइपिल, आमच्या बायकांचा सणाचा झगा, शिवून घेतला, गळ्याला आणि घेराला लाल-जांभळी फुलं भरलेला. तिला हे मूल किती हवं होतं ते त्या फुलांकडे बघून आंधळ्यालाही कळलं असतं. मला तर धास्तीच वाटली, कारण आमच्याकडे एवढी हौस केली की नेमकं काहीतरी आडवं येतं.

आडवी आली ती बोट. कोसुमेलकडे समुद्र खवळला म्हणून एक बोट ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच आमच्या बंदराला लागणार असं कळलं, आणि तो दिवस हेट्समेकचा. मिर्नाला सुट्टी नाही, मला नाही. नेल्मीचा चेहरा उजळला. "देवानेच वाट दाखवली," ती म्हणाली. "माझी बहीण बकालारहून जेवायला येतेच आहे. तीच घेईल कडेवर. किती शांत आहे ती."

"टेबल देवळांच्या फाटकाशी आण," मिर्ना म्हणाली. "रुबीच्या दुकानात. मी लोकांना फिरवून आणते. ते टोप्या घालून बघतात तेवढ्यात आपण उरकून घेऊ."

"ऊन डोक्यावरून ढळायच्या आत सुरुवात झाली पाहिजे. ढळल्यावर पोरीचे पाय मोकळे करत नाहीत. आलीस तर आलीस, नाहीतर माझी बहीण."

"ढळणार नाही," मिर्ना म्हणाली. सूर्य जणू तिच्या हाताखाली कामाला होता.

त्या दिवशी तिने शर्ट घातला नाही, हुइपिल घातला. बसमधले सगळे तिचे फोटो काढायला लागले, ते तिने खपवून घेतलं. पण बस काही सुटेना. एक बाई कमी होती. ती शेजारच्या बसमध्ये जाऊन बसली होती आणि तिथल्या लोकांना बिस्किटं वाटत होती. डोरीन तिचं नाव. ठेंगणी, गोल, गुलाबी टोपीची म्हातारी. मिर्ना तिला हाताला धरून घेऊन आली.

"मी हरवले नव्हते हं, बाळा," डोरीन मला म्हणाली. "तुम्हीच सगळे पुढे निघून आलात."

मिर्नाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी गिअर टाकला.

देवळांपाशी पोहोचलो तेव्हा रुबीच्या दुकानात टेबल मांडलेलं दिसलं. वर पांढरा कपडा, आणि मागे झोळीत सुएमी. मिर्नाने त्या दिवशी सहलीचा अक्षरशः फडशा पाडला. एरवी ज्या दगडापाशी ती पाऊणएक तास बोलते तिथे म्हणाली, "हा सूर्य, हा राजा, पुढे चला." कोणी प्रश्न विचारायला हात वर केला की म्हणायची, "उत्तम प्रश्न," आणि चालू पडायची. मी बस सावलीत लावून फाटकाशी उभा होतो. ऊन अजून डोक्यावर यायचं होतं. जमतंय असं मला वाटलं.

आणि मग ती वाटेवरून घामाघूम उतरताना दिसली, मागे सगळा कळप. तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं.

"गुलाबी टोपी," ती म्हणाली. "नाहीये."

माणूस सापडल्याशिवाय वाटाड्याने शोध सोडायचा नाही असा नियम आहे. आत जंगल आहे, साप आहेत, आणि मिर्ना कितीही चिडकी असली तरी म्हातारं माणूस टाकून येणारी नाही. तिने बाकीच्यांना सावलीत बसवलं आणि आम्ही दोघं परत आत गेलो. मोठ्या देवळाच्या मागे पाहिलं. ताडांच्या राईत पाहिलं. संडासात मिर्नाने दारं ठोठावली आणि आतल्या एका भलत्याच गटातल्या बाईला रडवलं. "डोरीन!" ती ओरडायची, आणि झाडांवरून माकडं तिच्या वरताण ओरडायची. एक जोडपं म्हणालं, मघाशी ती मुंग्यांच्या रांगेचे फोटो काढत होती. कुठे? तर असेल इकडेतिकडे.

"माझ्याच नशिबी," मिर्ना म्हणत होती. "विल, सांग मला, एवढ्या मोठ्या बोटीत एकच येडी असेल तर ती माझ्याच बसमध्ये का? घरी बसता येत नाही यांना? मुंग्या नाहीत यांच्या गावात?" हुइपिलचा घेर काट्यात अडकून एका फुलाचा दोरा निघाला होता. ती तो ओढत होती, त्यामुळे आणखी निघत होता. मी म्हटलं, तू जा दुकानात, मी शोधतो. "आणि ती विहिरीत पडली असली तर?" ती माझ्यावरच खेकसली. तिचे डोळे भरून आले होते, आणि मला ते दिसू नयेत म्हणून ती आणखी जोरात ओरडत होती.

एवढ्यात समोरून नेल्मी आली. हात कमरेवर, सावली पायाखाली नव्हती, जरा बाजूला सरकली होती.

"ढळलं," नेल्मी म्हणाली. "मी आधीच सांगितलं होतं. रुबी माझ्या बहिणीला आणायला रस्त्यावर गेली आहे. बस आली असेल आता. तुझ्या नशिबात नाही, मिर्ना, सोडून दे."

मिर्ना पुन्हा झुडपांत डोकावून बघायला लागली. नेल्मी भांडायच्या तयारीने आली होती, भांडण मिळालं नाही म्हणून तीही गडबडली. "आणि बाळ?" मी विचारलं. "शेजारच्या टोपीवाल्याला बघायला सांगितलंय," ती म्हणाली. फाटकावरची माणसं शोधायला घ्यावीत म्हणून आम्ही तिघं दुकानाकडे निघालो.

टोपीवाला टोप्या विकत होता. आणि रुबीच्या दुकानात, झावळ्यांच्या छपराखाली, गुलाबी टोपी टेबलाभोवती गोल गोल फिरत होती. सुएमी तिच्या कडेवर होती, पाय दोन्ही बाजूंना सोडून मजेत बसलेली. डोरीन काहीतरी गुणगुणत होती. फिरता फिरता तिने टेबलावरून अंडं उचललं, पोरीच्या हातात दिलं, काढून घेतलं, भोपळ्याची बी दिली. पेन्सिलीने नाकाला गुदगुली केली. पोर हसत होती.

नेल्मीने छातीवर क्रूस काढला. "झालं," ती म्हणाली. "हिने सगळं करून टाकलं."

"ही इथे कधीपासून आहे?" मिर्नाने टोपीवाल्याला विचारलं. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"सासूबाई गेल्याबरोब्बर पोरगी रडायला लागली," टोपीवाला नेल्मीकडे बोट दाखवत म्हणाला. "मी गिऱ्हाइकात होतो. ही मुंग्यांमागून आली आणि उचललंन तिला. तेव्हापासून फिरतेय. मला चक्कर आली बघून."

"बिचारी रडत होती," डोरीन म्हणाली. "मी चार वाढवलीत, मला राहवेना. काही चुकलं का? आणि मी हरवले नव्हते, तुम्हीच पुढे गेलात."

सगळ्यांना वाटलं आता मिर्नाच्या तोंडाचा पट्टा सुटणार. मलाही वाटलं. मी जरा मागे सरलो. पण मिर्ना एका उलट्या क्रेटवर बसली आणि हुइपिलचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळत राहिली. इतकी वर्षं मी तिला ओरडताना पाहिलं, पण इतकी केविलवाणी ती तेव्हाच दिसली. ज्या बाईला शोधण्यात तिने अख्खी सकाळ जीव आटवला, तीच तिचं मूल घेऊन मोकळी झाली होती, आणि त्या बाईला त्याचा पत्ताही नव्हता.

तेवढ्यात रुबी आली, बरोबर नेल्मीची बहीण. नेल्मीने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आता काही करू नका. परकीने कडेवर घेतलं, ऊन ढळलं, संपलं. चला, जेवून घेऊ."

"नाही संपलं," रुबी म्हणाली.

नेल्मीला आधी कळलंच नाही कोण बोललं.

"ऊन ढळायच्या आत सुरुवात व्हायला हवी होती ना? झाली," रुबी म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, पण थांबत नव्हता. "तुम्ही आत्याला सांगायला निघालात तेव्हा सुरू झाली. तुम्ही ढळायच्या आधी निघालात का नंतर?"

"आधी, पण..."

"मग वेळेत झाली. दुसरं माणूस नव्हतं, ते मिळालं. यांनी एका दिशेने घातल्या. आता आत्या उलट्या घालेल. अर्धवट ठेवलं तर माझ्या मुलीचे पाय अडकतील, आणि ते मी चालवून घेणार नाही, आई."

सासूला तिने आजवर इतकी वाक्यं एका दमात ऐकवली नव्हती. नेल्मीने बहिणीकडे पाहिलं. बहीण शांत होती, आधीच सांगितलं तसं. ती म्हणाली, "पोरगी बरोबर बोलतेय, नेल्मी."

रुबीने डोरीनच्या कडेवरून सुएमीला घेतलं नाही. तिने मिर्नाला हाताला धरून उठवलं आणि डोरीनसमोर उभं केलं. मिर्नाने हात पुसले, पुन्हा पुसले. "पकडायचं कसं?" तिने विचारलं. जगाला सगळं शिकवणाऱ्या बाईला एवढं माहीत नव्हतं, आणि माहीत कुठून असणार. डोरीनने पोरीला अलगद तिच्या डाव्या कडेवर बसवलं, हात कुठे ठेवायचा ते दाखवलं. सुएमीने लगेच तिच्या कानातलं ओढलं.

मिर्ना उलट दिशेने फिरली. बी दिली, अंडं दिलं, सुई लांबूनच दाखवली, पेन्सिल हातात दाबून धरली. प्रत्येक फेरीला ती माया भाषेत काहीतरी पुटपुटत होती. एरवी जिचं कुजबुजणंही पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं ती काय बोलतेय ते आमच्यापैकी कोणालाही ऐकू आलं नाही. तोवर सावलीतला गट दुकानापर्यंत आला होता आणि फोटो काढत होता. एका माणसाने मला विचारलं, "हा कार्यक्रम तिकिटात धरलेला आहे का?"

"नाही," मिर्ना मान न वळवता म्हणाली, तिच्या नेहमीच्या आवाजात. मला फार बरं वाटलं.

बोट थांबत नाही, म्हणून परत जाताना मी बस हाणली. मिर्नाला डोरीनला समजावून सांगणं भाग होतं. "तुम्ही आता त्या मुलीच्या धर्माची आई आहात," ती म्हणाली. "मी दुसरी. आपण दोघी आता नात्यातल्या."

"अगं बाई," डोरीन म्हणाली. "मग मी काय काय करायचं असतं?"

"हरवायचं नाही."

तेवढं सोडून डोरीनने सगळं केलं. दर हिवाळ्यात ती त्याच बोटीने येते, सुएमीसाठी एकतर मोठे होणारे नाहीतर लहान होणारे बूट आणते आणि बंदरापासून बसपर्यंतच्या वाटेत हरवते. मिर्ना तिला शिव्या घालत शोधते. मग दोघी मागच्या बाकावर बसून बिस्किटं खातात आणि रस्ताभर वाद घालतात. माझं डोकं उठतं.

सुएमी आता शाळेत जाते. सुट्टीत ती मिर्नाबरोबर देवळांपाशी येते. गेल्या आठवड्यात पाहुणे बसमध्ये चढले तरी पोरीचा पत्ता नाही. मिर्ना पुन्हा आत गेली, पुन्हा माकडांशी ओरडण्याची शर्यत लावली. शेवटी पोर मोठ्या देवळामागे मुंग्यांच्या रांगेपाशी उकिडवी बसलेली सापडली. मिर्ना तिला दंडाला धरून घेऊन आली, आणि बसच्या पायरीवर सुएमीने हात सोडवून घेतला. एक हात कमरेवर, दुसऱ्याचं बोट मिर्नाच्या नाकापाशी.

"मी हरवले नव्हते," ती म्हणाली. "तुम्हीच सगळे पुढे आलात. आणि सगळ्यांसमोर ओरडायचं काम नाही. आधी नीट बघायचं, मग बोलायचं. चला, बसा आता, उशीर होतोय."

सुएमी खिडकीपाशी जाऊन बसली. मिर्ना माझ्या मागच्या बाकावर टेकली. मी इंजिन चालू केलं.

"हरवायचं कोणाकडून आलं ते माहीत आहे," ती चिडून म्हणाली. "पण हे असं बोलायला हिला कोणी शिकवलं? रुबी अशी नाही. नेल्मीही नाही. कोणावर गेली आहे ही पोर?"

"तुझ्यावर," मी म्हटलं.

ती पुढे वाकली. "काय म्हणालास? इंजिनाच्या आवाजात ऐकू नाही आलं."

तिचे कान माझ्याहून तिखट आहेत. मी पुन्हा सांगितलं.